मुंबईच्या हवेत दूध कसं सांभाळायचं: पिशवीपासून विरजणापर्यंत

पहाटे साडेचारच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याही नाक्यावर बंद शटरसमोर दुधाचे क्रेट एकावर एक रचलेले दिसतात. टेम्पो येतो, क्रेट उतरतात, टेम्पो पुढच्या नाक्याकडे निघतो. मग पिशव्या मोजल्या जातात, मुलं त्या सायकलवरून इमारतींत पोचवतात, दाराच्या कडीला अडकवतात आणि घरातलं कोणी उठेपर्यंत त्या तिथेच लटकत असतात. डेअरीतून चार अंशांच्या आसपास निघालेलं दूध या दोन-तीन तासांत किती गरम झालं, हे सहसा कोणी बघत नाही. गाईचं चांगलं की म्हशीचं, तबेल्यातलं की पिशवीतलं, ही कंपनी की ती, यावर मात्र आपण हिरिरीने वाद घालतो. माझं मत विचाराल तर मुंबईत दूध टिकतं की बिघडतं हे कंपनीपेक्षा या मधल्या तासांवर जास्त ठरतं. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे ते बहुतेक सगळं वेळ आणि तापमान यांच्याबद्दल आहे.

दूध प्यायचं कशासाठी

२०० मिलिलिटरच्या एका पेल्यातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं मिळतात. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, अंगावर पाजणाऱ्या आईला १२००. म्हणजे एका पेल्याने जवळपास पाव गरज भागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही सांगितलं आहे. त्यात चहातलं दूध, वाटीभर दही, जेवणानंतरचं ताक सगळं धरायचं. तेवढं पोटात गेलं की उरलेलं कॅल्शियम नाचणी, तीळ, पालेभाज्या आणि काट्यांसकट खाल्लेली मांदेली यांतून भरून निघतं. दूध पीत नाही म्हणून एखाद्या मुलाच्या मागे पेला घेऊन धावायची खरंच गरज नसते. तो दही-भात खात असेल तर त्याचं काम चाललेलं आहे.

शाकाहारी घरांसाठी मात्र दुधाचं महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. ब१२ जीवनसत्त्व भाज्या-डाळींतून मिळत नाही, आणि अंडं-मासा न खाणाऱ्यांच्या ताटात ते मुख्यतः दूध-दह्यातूनच येतं. तीच गोष्ट थोडी ड जीवनसत्त्वाची. दुधात ते मुळात फार कमी असतं, पण हल्ली अनेक पिशव्यांवर निळ्या रंगात अधिकचं चिन्ह आणि 'एफ' असं अक्षर दिसतं. त्याचा अर्थ दुधात अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलं आहे. किंमत तीच असेल तर अशी पिशवी घ्यावी. ऑफिसात बसून काम करणाऱ्या आणि उन्हात फारसं न जाणाऱ्या मुंबईकरांना ते हवंच असतं.

दुधाच्या काही मर्यादाही माहीत हव्यात. दुधात लोह जवळजवळ नसतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला वरचं दूध हे मुख्य अन्न म्हणून देऊ नये. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग आईच्या दुधाबरोबर मऊ भात, वरण, नाचणीची खीर. थोड्या मोठ्या मुलांमध्येही दिवसभर दूधच पिऊन पोट भरणारं मूल पांढुरकं, अशक्त दिसायला लागतं, कारण जेवणाला पोटात जागा उरत नाही. लोहाच्या गोळ्या दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेऊ नयेत. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची असते, दूध-चहा नंतर. काही अँटिबायोटिक्स दुधाबरोबर घेतली तर नीट शोषली जात नाहीत, तेव्हा औषधवाल्याला तेवढं विचारून घ्या.

दूध प्यायल्यावर पोट गुबारतं, गुडगुडतं, जुलाब होतात, असं सांगणारे कितीतरी लोक असतात. बहुतेकांच्या बाबतीत दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं विकर वयाबरोबर कमी झालेलं असतं. अशांनी दूध एकदम न सोडता आधी दही आणि ताक घेऊन पाहावं. विरजणातले जिवाणू ती साखर बरीचशी खाऊन टाकतात.

पिशवीवर काय वाचायचं

पिशवीचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून निळी-हिरवी-केशरी असं लक्षात ठेवू नका. अक्षरं वाचा. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५, टोन्डमध्ये ३ आणि डबल टोन्डमध्ये १.५. एका पेल्याचा हिशेब केला तर फुल क्रीममधून १२ ग्रॅम चरबी जाते आणि डबल टोन्डमधून ३ ग्रॅम. कॅल्शियम आणि प्रथिनं दोन्हींत जवळपास सारखीच. वाढत्या वयाच्या, बारीक मुलांना फुल क्रीम चालतं. कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा वजनाची काळजी असलेल्या घरात रोजच्या वापराला टोन्ड किंवा डबल टोन्ड आणावं, आणि खीर-बासुंदीच्या दिवशी वेगळी पिशवी. टोन्ड म्हणजे पाणी घातलेलं दूध, हा समज सोडून द्यावा. त्यातही घन पदार्थांचं किमान प्रमाण कायद्याने ठरवून दिलेलं आहे.

त्याशिवाय तीन गोष्टी बघायच्या: 'पाश्चराइज्ड' हा शब्द, वापरण्याची शेवटची तारीख, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक. पाश्चरायझेशनमध्ये दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड केलं जातं. त्याने क्षय, ब्रुसेलोसिस, विषमज्वर, जुलाब यांसारखे रोग पसरवणारे जंतू मरतात. सगळेच जिवाणू मात्र मरत नाहीत, म्हणून ते दूध थंड ठेवावं लागतं. कागदी खोक्यातलं यूएचटी दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात भरतात, म्हणून ते बंद असेपर्यंत बाहेर महिनोन्‌महिने टिकतं. त्यात टिकवायचं औषध घातलेलं नसतं. एकदा खोकं फोडलं की त्याचा मान साध्या दुधाइतकाच: फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं.

ए-टू दूध, म्हणजे ए-टू प्रकारचं प्रथिन असलेलं, बहुतेकदा देशी गाईंचं म्हणून विकलं जाणारं दूध, याच्या चढ्या किमतींबद्दल थोडक्यात सांगते: महिन्याचं बजेट ताणून ते आणावं इतका ठोस पुरावा आजपर्यंत पुढे आलेला नाही.

तबेल्यातलं सुटं दूध

शहराच्या मध्यावरचे तबेले बाहेर काढून म्हशी एका जागी, स्वच्छ गोठ्यांत ठेवाव्यात, दूध पाश्चराइज करून बाटल्यांतून केंद्रांवर विकावं, ही कल्पना तेव्हाचे दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी मुंबईत राबवली आणि १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. पुढे १९६३ मध्ये खुरोडी आणि अमूलचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इतकी वर्षं झाली तरी गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांतून आजही भैया कॅनमधून सुटं दूध घरोघर घालतात, आणि ते घेणाऱ्यांचा त्यावर जीव असतो. साय जाड येते, दह्याची कवडी पडते, हे खरंच आहे, कारण ते बहुतेक म्हशीचं पूर्ण स्निग्धांशाचं दूध असतं.

पण ते कच्चं दूध आहे. काढल्यापासून तुमच्या पातेल्यात पडेपर्यंत त्यावर कसलीच प्रक्रिया झालेली नसते. म्हणून ते कधीही न तापवता पिऊ नये, "गरम धारेचं" म्हणून मुलांना तर अजिबात देऊ नये. गरोदर बाईने तर थेंबसुद्धा घेऊ नये. कच्च्या दुधातला लिस्टेरिया नावाचा जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो. सुटं दूध घेताना भैयाला दोन गोष्टी विचारा: दूध किती वाजता काढलं आणि मधे बर्फावर ठेवलं होतं का. काढून तीन तास झालेलं आणि मधे थंड न केलेलं दूध उन्हाळ्यात घेऊ नये. मापाचं भांडं आणि त्याचा हात जिथे दुधात बुडतो तिथेही नजर असू द्या. चांगल्या भैयाला या प्रश्नांचा राग येत नाही.

तापवणं, आणि त्याहून महत्त्वाचं निववणं

शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "अगं, पिशवीचं दूध तापवायचं नसतं म्हणे, जीवनसत्त्वं जातात." तत्त्वतः पाश्चराइज्ड दूध पुन्हा तापवायची गरज नाही. पण त्यासाठी ते डेअरीपासून घरापर्यंत अखंड थंड राहिलेलं हवं. आपल्याकडे क्रेट फुटपाथवर उतरतात आणि पिशव्या कडीला लटकतात. म्हणून मुंबईत एकदा उकळी आणावी, असंच मी सांगेन. त्याने ब गटातली काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात. कॅल्शियम आणि प्रथिनं जागच्या जागी राहतात. नुकसान होतं ते तेच पातेलं दिवसातून चार वेळा उकळल्याने.

आता कृती, क्रमाने.

१. पिशवी हातात घेतल्यावर आधी तिचा गारवा बघा. कोमट लागली, फुगलेली वाटली किंवा कोपऱ्यावर दुसऱ्यांदा चिकटवल्यासारखी जाडसर शिवण दिसली तर परत करा. मग पिशवी नळाखाली बाहेरून धुऊन घ्या. ती क्रेटमध्ये, जमिनीवर, दहा हातांतून आलेली असते.

२. जाड बुडाचं पातेलं घ्या, त्यात दोन चमचे पाणी फिरवा आणि मग दूध ओता, म्हणजे बुडाला लागत नाही. पिशवीचा कोपरा पूर्ण तोडू नका, चीर द्या; तोडलेला तुकडा गटारात जातो आणि पावसाळ्यात त्रास देतो.

३. मध्यम आचेवर ठेवा आणि ओगराळ्याने बुडापासून हलवत राहा. वर सायीचा पापुद्रा धरला की वाफ त्याखाली कोंडते आणि दूध उतू जातं. हलवत राहिलं तर उतू जात नाही आणि उष्णताही सगळीकडे सारखी पोचते.

४. पिशवीच्या दुधाला एक पूर्ण उकळी पुरे. सुट्या दुधाला उकळी आल्यावर आच मंद करून हलवत आणखी तीन-चार मिनिटं ठेवा. नुसता कडेला फेस आला म्हणजे उकळी नव्हे. मधलं दूध खळखळलं पाहिजे.

५. आता निववणं. बहुतेक घरांत चूक होते ती इथे. तापवलेलं पातेलं ओट्यावर तसंच राहतं, आपण आंघोळ, डबे, ८ः१२ची लोकल या गडबडीत असतो, आणि ते दुपारपर्यंत कोमट असतं. उकळल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू जिवंत राहतात. ५ ते ६० अंशांच्या मधे त्यांना वाढायला मोकळं रान मिळतं. अनुकूल हवेत जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात, म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांवर. म्हणून उतरवलेलं पातेलं मोठ्या परातीत गार पाण्यात ठेवा, वर जाळीचं झाकण घाला, अधूनमधून स्वच्छ चमच्याने ढवळा आणि पाणी गरम झालं की एकदा बदला. परातीत बर्फाचे चार खडे टाकले तर अजून चांगलं. पाऊण तासाच्या आत पातेल्याचं बूड हाताला गार लागतं.

६. लगेच फ्रीजमध्ये. पातेलं आतल्या बाजूला, मागच्या भिंतीकडे ठेवा. दारातल्या कप्प्यात दूध ठेवायची सवय मोडा. दार उघडलं की सगळ्यात आधी तोच कप्पा गरम होतो. झाकण घट्ट असू द्या, कारण दूध कांदा-लसणाचा वास पटकन घेतं.

७. सकाळच्या चहाचं दूध आणि उरलेलं दूध सुरुवातीलाच दोन भांड्यांत वेगळं करा. मोठं पातेलं दर चहाला बाहेर काढलं की ते दिवसभर गार-कोमट-गार होत राहतं. जेवढं हवं तेवढंच काढून तेवढंच गरम करा. आणि कालचं उरलेलं आजच्या दुधात कधीही ओतू नका.

साधा नियम असा: दूध, दही, खीर, पनीर यांतलं काहीही बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. एप्रिल ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात मुंबईच्या स्वयंपाकघरात दुपारी याहून थंड क्वचितच असतं, तेव्हा वर्षातले चार महिने तुमचा नियम एका तासाचाच समजा.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. "बाहेर राहिलं होतं, पण मी चांगलं उकळून घेतलं" हे वाक्य फार वेळा ऐकू येतं. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच तयार केलेलं विष उकळून नाहीसं होत नाही. हाताच्या जखमेतून किंवा नाकातून दुधात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंचं विष तसलंच. ते पोटात गेलं की काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून रात्रभर ओट्यावर विसरलेलं दूध सकाळी उकळून मुलांना देऊ नका, वास कितीही चांगला येत असला तरी.

तापवताना दूध नासलं, तर त्यातली आंबटाई आधीच वाढली होती, एवढा अर्थ. डेअरीत टँकर आला की नमुना उकळून बघतात, तोही याचसाठी. तारखेच्या आतली पिशवी नासली तर ती वाटेत कुठेतरी गरम झालेली असणार. दुकानदाराला त्याच दिवशी सांगा. अशा नासलेल्या दुधाचं कलाकंद करायची रीत आहे. मी ती लहान मुलांच्या घरात सुचवणार नाही, आणि कडवट वास किंवा चिकट तार असेल तर कुणाच्याच घरात नाही.

फ्रीज नसेल किंवा वीज गेली असेल

एका खोलीच्या घरात फ्रीज नसणं ही आजही या शहरातली खरी परिस्थिती आहे. अशा वेळी एकदम लिटरभर दूध न घेता अर्धा लिटर सकाळी आणि अर्धा संध्याकाळी घ्यावं. सकाळचं दूध उकळून, गार पाण्याच्या परातीत ठेवून दुपारच्या आत संपवावं. उरणार असं वाटलं तर सरळ विरजण लावावं. दह्याच्या आंबटपणात बहुतेक वाईट जंतूंची वाढ मंदावते. ओल्या फडक्यात भांडं गुंडाळायची जुनी युक्ती विदर्भात उत्तम चालते, मुंबईच्या दमट हवेत तिचा तितका उपयोग होत नाही.

पावसाळ्यात घरात दोन-चार यूएचटी खोकी असू द्यावीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अनेक उपनगरांत कित्येक तास, काही ठिकाणी कित्येक दिवस वीज नव्हती. वीज गेली की फ्रीजचं दार उघडू नका. बंद फ्रीज चारेक तास गारवा धरतो. त्यानंतर आतलं दूध, पनीर, खीर टाकून द्यावं. पुराचं पाणी लागलेली पिशवी बाहेरून धुऊनही वापरू नये.

दही

दही तापवलेल्या दुधाचंच लावायचं, कारण कच्च्या दुधातले जंतू नुसत्या विरजणाने मरत नाहीत. दूध कोमट होऊ द्या, ४० अंशांच्या जरा वर. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, उबदार लागला पण चटका बसला नाही की बरोबर. याहून गरम दुधात विरजणातले जिवाणू मरतात आणि दही पाणीदार होतं. गार दुधात ते वेळेवर वाढत नाहीत आणि दुसरेच जंतू डाव साधतात.

अर्ध्या लिटरला एक चहाचा चमचा विरजण पुरे. दोन दिवसांपेक्षा जुनं, आंबट झालेलं विरजण घेऊ नका. ते आधी वाटीतल्या थोड्या दुधात फेटून मग सगळ्यात घाला, एकदाच ढवळा आणि भांडं हलवू नका. मे महिन्यात चार-पाच तासांत दही लागतं. त्या दिवसांत रात्री झोपताना विरजण लावलं तर सकाळी हमखास आंबट मिळतं. सकाळी लावून दुपारी फ्रीजमध्ये टाकावं. डिसेंबर-जानेवारीत सात-आठ तास लागतात, तेव्हा भांडं जाड टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये किंवा डब्यात ठेवावं. टोन्ड दुधाचं दही घट्ट हवं असेल तर लिटरला दोन मोठे चमचे दूध पावडर दूध तापवतानाच मिसळा.

दह्याला तार येऊ लागली तर विरजण बदला. शेजारून आणा किंवा विकतच्या साध्या दह्याचं घ्या. गुलाबी, हिरवा, काळा ठिपका दिसला तर वरचं काढून खालचं खाऊ नका, सगळं टाका. पितळेच्या किंवा तांब्याच्या कल्हई नसलेल्या भांड्यात दही लावू नये. काच, चिनीमाती, स्टील किंवा मातीचं भांडं घ्यावं. मातीचं असेल तर रोज उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवा. भिंतीत मुरलेलं जुनं दही पुढचं दही बिघडवतं.

साय, तूप आणि पनीर

साय आठवडाभर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात डब्यात साठवली की तिला कडू वास येतो. ती फ्रीझरमध्ये साठवा. पुरेशी झाली की रात्री खाली उतरवा, सकाळी कोमट करून विरजण लावा, लागली की बर्फाचं पाणी घालून घुसळा. लोण्याचा गोळा ताकातून काढून दोन-तीन पाण्यांत धुवा, पाणी निवळ दिसेपर्यंत. आणि त्याच दिवशी कढवा. बेरी तांबूस झाली, तडतडणं थांबलं, वर मोठे बुडबुडे संपून बारीक फेस राहिला की गॅस बंद. तुपात पाण्याचा अंश जवळजवळ राहत नाही म्हणून ते बाहेर टिकतं. ओला चमचा घातला की तो फायदा गेला.

पनीरला फुल क्रीम किंवा म्हशीचं दूध. लिटरभर दूध उकळून आच बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला, हळू ढवळत. हिरवट निवळी वेगळी झाली की लगेच थांबायचं. जास्त लिंबाने पनीर रबरासारखं होतं. स्वच्छ उकळलेल्या पंचात गाळून, गार पाण्याने धुऊन, वजनाखाली अर्धा तास ठेवा. १८० ते २०० ग्रॅम पनीर निघतं. दोन-तीन दिवसांत संपवा. निवळी फेकू नका, कणीक मळायला घ्या. विकत आणायचं असेल तर पाकिटावर 'पनीर' असंच लिहिलेलं आहे ना हे बघा. वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थावर 'अ‍ॅनलॉग' असं छापावं लागतं. हॉटेलातल्या थाळीत ते कळत नाही, पण दुकानात विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

सणांच्या दिवशी

कोजागरीला गच्चीवर मसाला दूध तासन्‌तास ठेवलेलं असतं. ते एक तर मंद आचेवर वाफाळतंच ठेवा किंवा थंडाईसारखं बर्फात गार ठेवा. कोमट दूध चांदण्यात दोन तास, ही पद्धत सोडायची. उरलेलं तिथेच वाटून संपवावं, सकाळच्या चहाला आणू नये.

पंचामृताचं दूध आधी उकळून गार केलेलं असावं. गणपतीत सार्वजनिक मंडपात तीर्थाचं भांडं सकाळपासून रात्रीपर्यंत भरत राहतं, आणि जुन्यातच नवीन ओततात. मंडळातल्या कार्यकर्त्यांना सांगा की दर दोन तासांनी भांडं रिकामं करून, धुऊन पुन्हा भरा. तीर्थात दूध घालणं भागच असेल तर कमी प्रमाणात करा. खव्याचे मोदक आणि पेढे बॉक्समधून आणले की पूजेपुरते ताटात काढा आणि बाकीचे फ्रीजमध्ये ठेवा.

भैयाकडून चीक मिळाला तर खरवस व्यवस्थित वाफवा. सुरी घातली की कोरडी बाहेर आली पाहिजे. मधला भाग डळमळीत राहिला असेल तर पुन्हा दहा मिनिटं.

भेसळीची खात्री घरच्या घरी

युरिया आणि डिटर्जंटच्या दुधाचे व्हिडिओ पाहून लोक धास्तावलेले असतात. २०१८ मध्ये एफएसएसएआयने देशभर ६,४३२ नमुने तपासले, त्यांत भेसळयुक्त निघाले फक्त १२. त्याच तपासणीत चाऱ्यातल्या बुरशीमुळे येणारं अफ्लाटॉक्सिन आणि औषधांचे अंश काही नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त सापडले, आणि ही काळजी खरी आहे. ते उकळून जात नाहीत आणि घरी तपासताही येत नाहीत. त्यावर उपाय पशुपालकांकडे आणि डेअरीकडेच आहे.

मुंबईत वारंवार पकडला जाणारा प्रकार वेगळा आहे. नामांकित कंपनीच्या पिशवीचा कोपरा कापून थोडं दूध काढतात, पाणी भरतात आणि तापलेल्या पट्टीने पुन्हा चिकटवतात. त्या पाण्याचा दर्जा काय असेल याची कल्पना करा. म्हणून कोपऱ्याची शिवण रोज बघायची, आणि रिकामी पिशवी भंगारात देण्याआधी मधोमध कापायची, म्हणजे ती पुन्हा वापरता येत नाही.

काही सोप्या परीक्षा घरी करता येतात. गुळगुळीत, तिरक्या ताटलीवर दुधाचा थेंब सोडा. चांगलं दूध हळू घसरतं आणि मागे पांढरी रेघ ठेवतं, पाणी घातलेलं झरकन निघून जातं. पाच-दहा मिलिलिटर दुधात तेवढंच पाणी घालून बाटलीत जोरात हलवा. दाट, न बसणारा फेस आला तर डिटर्जंटचा संशय घ्या. थोडं दूध दुप्पट पाण्यात उकळून पूर्ण गार करा आणि टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका; निळा रंग आला तर स्टार्च आहे. खवा आणि पनीरलाही पाण्यात उकळून, गार करून हीच परीक्षा लावता येते. दुधाची घनता मोजणाऱ्या लॅक्टोमीटरवर एकट्यावर विसंबू नका, पाणी घालून वर साखर टाकली की तो फसतो.

संशय आला तर दूध फेकून देऊ नका. पिशवी न फोडता, किंवा फोडली असेल तर उरलेल्या दुधासकट बंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. बॅच क्रमांक, तारीख आणि कोपऱ्याची शिवण यांचे फोटो काढा, दुकानाची पावती असेल तर जपा. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००-२२२-३६५ आहे, एफएसएसएआयचा १८००-११२-१००. तक्रारीत कंपनीच्या नावाबरोबर दूध कुठून, किती वाजता घेतलं ते सांगा, कारण शिवण बदलणारा बहुतेक वेळा डेअरीत नसतो, डेअरी आणि तुमच्या दाराच्या मधे कुठेतरी असतो.